रानातले खत आणि उजनीचे हिरवे पाणी

भीमा नदीवरील उजनी धरण सन १९८० मध्ये पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर जलाशय पसरला. भिगवण, कुंभारगाव, डाळज, पळसदेव, कालठण ह्या गावांची नदीकाठची काळीभोर जमीन पाण्याखाली गेली. पळसदेवचे प्राचीन मंदिरही पाण्यात गेले. पाणी फार खाली गेले तरच ते आता दृष्टीस पडते. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांपैकी अनेकांनी उरलेल्या माळरानावर पाणी उचलून नेले, आणि जेथे बाजरी-मटकीखेरीज काही पिकत नसे तेथे ऊस, केळी, द्राक्षे व डाळिंबे उभी राहिली. जाळी टाकून पोट भरणारी कुटुंबे काठावर वस्तीस आली व भिगवणला माशांचा बाजार भरू लागला. सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा भारही ह्याच जलाशयावर आहे. शेत, जाळे आणि हंडा ही तिन्ही अशा प्रकारे एकाच पाण्याच्या आधारावर उभी आहेत.

हे पाणी आता वर्षातील बराच काळ हिरवे असते. उन्हाळ्याच्या तोंडी वारा पडला म्हणजे काठालगत रंग ओतावा तसा दाट हिरवा तवंग साचतो. तो कुजू लागला की त्याची दुर्गंधी काठावरच्या वस्तीत शिरते. अशा पाण्यात तासन् तास उभे राहून जाळे ओढणाऱ्यांच्या अंगास खाज सुटू शकते. काही ठिकाणी जलपर्णीचे थर इतके दाट होतात की होडी हलविणे कठीण जावे.

याचे कारण विचारले असता काठावरचा शेतकरी एकाच शब्दात उत्तर देतो : "पुणे." मुळा, मुठा, पवना व इंद्रायणी ह्या नद्या पुणे आणि पिंपरी-चिंचवड ह्या शहरांचे सांडपाणी घेऊन भीमेस मिळतात आणि भीमा ते उजनीत आणून सोडते. त्यातील पुष्कळ पाणी शुद्ध न करताच नदीत जाते. मलमूत्र, साबणाचे पाणी, कारखान्यांचा निचरा, सारे काही त्यात असते. उजनीच्या बिघाडात मोठा वाटा शहरांचा आहे, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही, आणि तो दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु ह्या उत्तराने प्रश्न संपत नाही. जलाशयास लागून हजारो एकर बागायत आहे. तिच्यावर पडणाऱ्या खतांपैकी किती पिकाच्या मुळाशी राहते व किती पाण्याबरोबर खाली उतरते, हा प्रश्न पुण्याला विचारून भागणार नाही.

पाणी हिरवे का होते

पाण्यास हिरवा रंग येतो तो शेवाळामुळे. हे शेवाळ म्हणजे दगडावर बसणारे निसरडे शेवाळ नव्हे. डोळ्यांस सुटे न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव पाण्यात तरंगत असतात, त्यांचा तो समुदाय होय. त्यांनाही पिकाप्रमाणेच सूर्यप्रकाश, कर्ब, नत्र आणि स्फुरद लागते. स्वच्छ तलावात प्रकाश व कर्ब यांची वाण नसते. कमी असते ते स्फुरद आणि काही वेळा नत्र. ह्या उणिवेमुळेच शेवाळ आवरलेले राहते. बाहेरून नत्र-स्फुरद येऊन पडले की हा बांध फुटतो आणि उसाच्या रानाला भर दिल्याप्रमाणे शेवाळ माजते. त्यातही नील-हरित शेवाळाच्या काही जाती हवेतील नत्र स्वतःच बांधून घेतात. भाताच्या खाचरात ह्याच गुणासाठी ती मुद्दाम सोडतात. भातास जो जीव खत पुरवितो, त्याच्याच कुळातले जीव तळ्यात पसरले म्हणजे उपद्रव होतो, कारण त्यांतील काही जाती विषारी द्रव्ये निर्माण करतात. नत्राची सोय ही शेवाळे स्वतः पाहू शकत असल्यामुळे गोड्या पाण्यात स्फुरदास विशेष महत्त्व येते. कॅनडातील शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांनी सन १९७३ मध्ये एका तळ्याच्या मध्यावर पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कर्ब व नत्र घातले. स्फुरद मात्र एकाच भागात घातले. तोच भाग हिरवागार झाला.

दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, परंतु रात्री ते स्वतःच प्राणवायू घेते. त्यामुळे दाट हिरव्या पाण्यात पहाटेच्या वेळी प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. कोळी बांधवांस हे दृश्य चांगले परिचित आहे. शेवाळ मरून तळाशी गेले म्हणजे ते कुजविणारे जंतू उरलासुरला प्राणवायूही संपवितात. अशा पाण्यात चिलापीसारखा काटक, शेवाळ खाऊन राहणारा मासा तग धरतो. ज्यांस चांगला प्राणवायू लागतो ते मासे मागे पडतात किंवा मरतात.

हिवाळ्यात कुंभारगावाकडे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ते पाहण्यास दुरून लोक येतात आणि एवढे देखणे पक्षी ज्या अर्थी येतात त्या अर्थी पाणी निर्मळच असले पाहिजे, असे समजतात. हा समज चुकीचा आहे. रोहित पक्षी उथळ पाण्यातील चिखल गाळून त्यातील किडे, बारीक जीव व शेवाळ खातो. चिखल सकस असला की त्याचे भागते. पाणी माणसाने पिण्याजोगे आहे की नाही, ह्याशी त्याला कर्तव्य नाही.

एका गोणीचा हिशेब

शेतकऱ्यास गोणीचा हिशेब चटकन समजतो, म्हणून तो येथे मांडणे इष्ट होईल. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. गोणीवर छापलेले हे स्फुरद ऑक्साइडच्या मापात असते. त्यात शुद्ध फॉस्फरस सुमारे १० किलो भरतो. समजा, एक जोराचा पाऊस झाला आणि मातीबरोबर ह्यातील दहावा हिस्सा, म्हणजे केवळ एक किलो फॉस्फरस, ओढ्याने जलाशयात गेला. शेवाळाच्या शरीरात फॉस्फरसचे प्रमाण इतके अल्प असते की, एवढ्या एका किलोवर शंभर किलोंहून अधिक वाळलेले शेवाळ तयार होऊ शकते. हे शेवाळ कुजताना सुमारे १४० किलो प्राणवायू लागतो. एक लिटर पाण्यात विरघळलेला प्राणवायू सात-आठ मिलिग्रॅमच असतो. म्हणजे एका किलोचे शेवाळ पूर्ण कुजण्यास सुमारे दोन कोटी लिटर पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. वाहून गेलेला सर्व फॉस्फरस शेवाळास लगेच मिळतो असे नाही. पुष्कळसा मातीच्या कणांस चिकटून तळाशी बसतो.

परंतु तळाशी बसला म्हणून तो संपत नाही. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी धरलेला आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा आहे. एवढे मोठे पाणी तळाशी राहते आणि त्याखाली वर्षानुवर्षांचा गाळ असतो. तळच्या पाण्यातील प्राणवायू संपला म्हणजे लोहाशी बांधला गेलेला फॉस्फरस गाळातून सुटून पुन्हा पाण्यात येतो. सन २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेला होता. अशा वर्षी पाणी उथळ होते, वाऱ्याने गाळ ढवळला जातो आणि मागील अनेक हंगामांचे खत एकदम वर येते. त्यामुळे आज रानातून जाणारे खत थांबले तरी पुढील उन्हाळ्यात पाणी नितळ होईल, अशी आशा कोणी दाखवू नये. तेथे जमलेले ऋण फिटण्यास बरीच वर्षे लागतील.

शहराने आपले पाणी शुद्ध केले, तर पुढे काय होईल? अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील एरी सरोवरात ह्याचे उत्तर मिळालेले आहे. सन १९६० च्या सुमारास त्या सरोवरात शेवाळ माजून माशांचा नाश होऊ लागला. दोन्ही देशांनी १९७२ मध्ये करार केला, शहरांच्या सांडपाण्यातील व साबणातील फॉस्फरस कमी केला, आणि सरोवर सुधारले. परंतु पुढे सन १९९५ नंतर शेवाळ परत आले. ह्या खेपेस ते मुख्यतः मॉमी नदीच्या खोऱ्यातील शेतांमधून आलेल्या फॉस्फरसवर वाढले होते. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहराच्या नळांत शेवाळाचे विष उतरले आणि चार लाखांहून अधिक लोकांना काही दिवस ते पाणी पिऊ नये, असे सांगावे लागले. उकळल्याने हे विष जात नाही. पुण्याच्या सांडपाण्याचा बंदोबस्त उद्या झाला, आणि तो झालाच पाहिजे, तरी त्यानंतर जो हिरवेपणा उरेल त्याचा जाब काठावरच्या बागायतीलाच द्यावा लागेल.

खत रानाबाहेर कसे पडते

नत्र व स्फुरद हे रानातून दोन निराळ्या वाटांनी जातात. युरिया जमिनीत पडल्यावर थोड्याच दिवसांत त्याचे अमोनिया व नंतर नायट्रेट होते. नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळते आणि जमीन त्यास धरून ठेवत नाही. ते पाण्याबरोबर खाली उतरते, विहिरीस मिळते किंवा झऱ्यावाटे ओढ्यास लागते. स्फुरदाचे तसे नाही. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनी ते घट्ट धरून ठेवतात, म्हणून ते मातीबरोबरच प्रवास करते. यास्तव नत्र वाचवावयाचे तर पाणी आवरावे लागते आणि स्फुरद वाचवावयाचे तर माती.

बारामती-इंदापूरच्या ऊस पट्ट्यात पाणी आवरणे किती कठीण आहे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यास सांगण्याची आवश्यकता नाही. वीज पुष्कळदा रात्री मिळते. शेतकरी दारे धरण्यास जातो, मोटार सुरू करतो आणि चार सऱ्यांना एकदम पाणी सोडून बांधावर घोंगडी टाकतो. दिवसभर राबलेल्या माणसास झोप लागली तर त्यास दोष कसा द्यावा? पहाटेपर्यंत शेवटची सरी फुटून पाणी चारीत गेलेले असते. त्याआधी दोन दिवस युरिया फोकलेला असेल, तर तोही त्याच वाटेने जातो.

याहून अधिक नुकसान होते ते आडसाली उसात, आणि ह्या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे आडसाली उसास हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद व १७० किलो पालाश द्यावयाचे असते; एकरी हिशेबाने नत्र १६० किलो होते. त्यातील ४० टक्के, म्हणजे एकरी ६४ किलो नत्र, लागणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी द्यावे असे आहे. ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असते. म्हणजे एकरी तीन गोण्यांहून थोडा अधिक युरिया एकाच वेळी पडतो. आता आडसाली लागण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत होते. त्यापुढे सहा-आठ आठवडे मोजले म्हणजे सप्टेंबर येतो. हा सारा प्रदेश पर्जन्यछायेचा. येथे जून-जुलैत ढग नुसते वरून जातात आणि पाऊस खरा पडतो तो सप्टेंबरात, परतीच्या वाऱ्यांबरोबर, पुष्कळदा मेघगर्जनेसह तासा-दोन तासांत. वर्षातला सर्वांत मोठा हप्ता आणि वर्षातला सर्वांत जोराचा पाऊस हे अशा रीतीने एकाच महिन्यात एकत्र येतात. उसाने अद्याप रान झाकलेले नसते. अशा वेळी सरीत फोकलेला युरिया एका सरीने धुऊन जाणे अगदी सहज शक्य आहे.

जलाशयाच्या काठी आणखी एक वाट आहे, ती गाळपेराची. पाणी जसजसे उतरते तसतशी उघडी पडलेली जमीन कसण्यास घेतात. ही जमीन म्हणजे जलाशयाचा तळच होय. तेथे टाकलेल्या खतापैकी पिकाने न घेतलेला भाग कोठे वाहून जाण्याचीसुद्धा गरज नसते. पावसाळ्यात पाणीच त्याच्यापाशी येते. वस्तुतः हा गाळ मुळातच सकस असतो. त्यात डीएपी घालणे म्हणजे पैसा पाण्यात टाकणे होय, आणि येथे हा वाक्प्रचार अक्षरशः खरा ठरतो.

नीरेकाठचा जुना अनुभव

बारामती तालुक्याचे व इंदापूरच्या दक्षिण भागाचे पाणी उजनीत जात नाही. ते कऱ्हा व नीरा ह्या नद्यांस मिळते आणि नीरा नरसिंगपूर येथे, धरणाच्या खाली, भीमेत उतरते. म्हणून बारामतीकरांनी हा प्रश्न इंदापूरचा आहे असे समजू नये. दोहोंचे पाणी नरसिंगपुरास एक होते आणि पुढे पंढरपुरास चंद्रभागा म्हणून वाहते. आषाढी-कार्तिकीस लाखो वारकरी त्यात स्नान करतात.

नीरा खोऱ्यास ह्या बाबतीत शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव आहे. नीरा डावा कालवा सन १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि अवर्षणाने गांजलेल्या ह्या भागात ऊस आला. थोड्याच काळात सखल रानांत पाणी वर येऊ लागले, पांढरे क्षार फुटू लागले आणि चांगल्या जमिनी चोपण झाल्या. पुणे कृषि महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये पत्रिका प्रसिद्ध केली. कालव्याच्या पाण्याने भूजल वर चढते व त्याबरोबर क्षार पृष्ठभागावर येतात, हे त्यांनी दाखविले. तेव्हापासून आजतागायत चर खणणे व निचऱ्याच्या नळ्या टाकणे चालू आहे. निचरा जमिनीस हवाच. परंतु चरातून जे पाणी बाहेर पडते त्यात क्षारांबरोबर नायट्रेटही असते, हे ध्यानात घेतले पाहिजे. जेवढे पाणी गरजेहून जास्त, तेवढा निचरा जास्त, आणि तेवढेच खत वाया.

विहिरीचा विचारही ह्याच ठिकाणी करणे योग्य. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक असू नये, असे भारतीय मानक आहे. बाटलीच्या दुधात असे दूषित पाणी मिसळून सहा महिन्यांच्या आतील बालकास दिल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि ते निळे पडू शकते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण थोडे वाढतेच. उसाच्या मधोमध असलेल्या विहिरीचे पाणी घरात वापरात असेल, तर वर्षातून एकदा तरी ते तपासून घ्यावे.

पुढे समुद्राकडे

भीमा रायचूरच्या बाजूस कृष्णेस मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. वाटेत जुराला, श्रीशैलम्, नागार्जुनसागर अशी मोठी धरणे आहेत. इंदापूरच्या रानातले स्फुरद मुख्यतः गाळाबरोबर त्यांतच अडकत जाते. नायट्रेट अधिक दूर जाऊ शकते. नदीमुखाशी काय होते ते अमेरिकेत पाहावे. मिसिसिपी नदी अमेरिकेच्या मध्य भागातील मक्याच्या प्रदेशाचे नत्र मेक्सिकोच्या आखातात ओतते आणि दर उन्हाळ्यात तेथे समुद्राच्या तळाशी प्राणवायू अत्यल्प असलेला विस्तीर्ण पट्टा तयार होतो. त्याची मोजणी १९८५ पासून होत आहे. २०१७ मध्ये तो २२ हजार चौरस किलोमीटरांहून मोठा भरला; सबंध पुणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर आहे. त्या पट्ट्यातून मासे पळून जातात. ज्या जीवांस पळता येत नाही ते तेथेच मरतात.

शेतकऱ्याने काय करावे

प्रथम हिशेब करावा. आडसाली उसाचे एकरी ६८ किलो स्फुरद डीएपीतून द्यावयाचे तर तीन गोण्या लागतात, आणि त्यांतून २७ किलो नत्रही आपोआप पडते. ते वजा केले तर युरियाची एक गोणी व वर आणखी थोडा युरिया वाचतो. बहुसंख्य ठिकाणी ही वजाबाकी केली जात नाही. युरिया स्वस्त असल्यामुळे ती कोणाच्या मनातही येत नाही. माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघाले तर त्याचा हप्ता कमी करावा. वर्षानुवर्षे डीएपी घेतलेल्या बागायतीत असे निघणे अगदी संभवनीय आहे. बेण्यास ॲसेटोबॅक्टर व स्फुरद विरघळविणाऱ्या जीवाणूंच्या द्रावणात अर्धा तास बुडवून लागण केल्यास नत्राची ५० टक्के व स्फुरदाची २५ टक्के बचत होते, असे विद्यापीठाची शिफारस सांगते. ज्यास एकदम निम्मे नत्र कमी करण्याचे धाडस होत नसेल, त्याने चार सऱ्यांवर करून पाहावे.

सप्टेंबरचा हप्ता एकदम न देता दोन-तीन भागांत द्यावा, आणि आभाळ भरून आले असता गोणी फोडूच नये. पावसाचा अंदाज आता मोबाईलवर मिळतो. गावपातळीवरील कार्यकर्त्याने तो ह्या एका महिन्यात आवर्जून गटावर कळवीत जावे. खत वाफशावर, सरीच्या बगलेत घालून मातीने झाकावे. खोडव्यास पहारीने खत देण्याची पद्धत ह्या कामी उत्तम आहे : बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर, १५ ते २० सेंटिमीटर खोल भोक घेऊन त्यात खत टाकून बुजवावे. मजुरी अधिक लागते, अशी तक्रार ह्या पद्धतीविषयी नेहमी ऐकू येते व ती खोटी नाही. परंतु पहारीने दिलेले खत पाणी उचलून नेत नाही. पाचट न जाळता सऱ्यांत पसरल्यास सरीची माती जागच्या जागी राहते आणि तिच्याबरोबर स्फुरदही.

ठिबकावर असलेल्यांनी खत आठवड्याच्या थोड्या-थोड्या हप्त्यांनी सोडावे. जलाशयातून थेट पाणी उचलणाऱ्यांनी खताच्या टाकीपूर्वी एकेरी झडप अवश्य बसवावी. वीज गेली म्हणजे नळीतील पाणी उलटे फिरते आणि झडप नसेल तर खताचे द्रावण सरळ जलाशयात जाते. खताच्या गोण्या व फवारणीचे पंप काठावर धुण्याची सवय तर ताबडतोब सोडली पाहिजे.

काठालगतच्या रानाचा शेवटचा तीन-चार मीटरांचा पट्टा नांगरू नये. तेथे मारवेल किंवा नेपियर गवत लावावे. वरून येणारी माती गवतात अडते, त्यावर गवत पोसते आणि जनावरांस चारा होतो. पट्टा जितका रुंद तितका चांगला, परंतु अर्धा एकर असलेल्या शेतकऱ्यास दहा मीटर सोडा असे सांगण्यात अर्थ नाही. गाळपेर जमिनीत चाऱ्याची पिके घ्यावीत, स्फुरद मुळीच देऊ नये, आणि नत्र लागलेच तर ओळीत, अगदी बेताने द्यावे.

गावात हा विषय मांडण्याकरिता एक सोपे प्रात्यक्षिक आहे. पांढऱ्या काचेच्या तीन स्वच्छ बाटल्या घ्याव्यात. एकीत कालव्याचे पाणी भरावे. दुसरीत युरिया दिल्यानंतरच्या पहिल्या पाण्यास रानाच्या शेवटच्या चारीतून वाहणारे पाणी घ्यावे व माती खाली बसू द्यावी. तिसरीत कालव्याचेच पाणी घेऊन डीएपीचे चार दाणे टाकावेत. तिन्हींत जलाशयाच्या हिरव्या पाण्याचा एक-एक चमचा विरजणासारखा घालावा, तोंडावर फडके बांधावे आणि बाटल्या ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या उजेडाच्या खिडकीत दोन-तीन आठवडे ठेवाव्यात. मुलांनी त्यांतील पाणी तोंडास लावू नये, ह्याची काळजी घ्यावी. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावताना कालवा, चारी, डीएपी एवढेच लिहावे. चारी कोणाच्या रानातली ते लिहू नये. एकदा नाव लिहिले गेले, तर पुढील खेपेस चारीचे पाणी भरून द्यावयास कोणी पुढे येणार नाही.